साहेबांनी तपासलेली फाईल

ज्या दिवशी बाई आता घरी येणार नाहीत हे कळलं, त्या दिवशी मी चालूच होतो.

सकाळी त्या माझ्यासमोरून उठल्या त्या पाणी प्यायला. स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज झाला. साहेब धावले, मग शेजारचे धावले आणि थोड्या वेळानं घर रिकामं झालं. माझ्या पडद्यावर एक अर्धं वाक्य होतं. त्याच्या शेवटी ती छोटी उभी रेघ लुकलुकत राहिली.

दुपारी साहेब एकटेच परत आले. हातात बाईंचा चष्मा होता. तो त्यांनी माझ्या कळफलकावर ठेवला आणि खुर्चीत बसून राहिले. चष्म्याच्या काडीखाली एक बटण दाबलं गेलं होतं. पडद्यावर एकच अक्षर उमटत गेलं, ओळीमागून ओळ, पानामागून पान. बऱ्याच वेळानं त्यांचं लक्ष गेलं. त्यांनी चष्मा उचलला आणि ती अक्षरं मागून पुढे पुसत आणली. बाईंनी लिहिलेला शेवटचा शब्द आला तिथे थांबले. मी विचारलं, 'बदल जतन करायचे का?' त्यांनी प्रश्न दोनदा वाचला, 'होय' दाबलं आणि मला बंद केलं.

मित्रांनो, मी त्या घरातला जुना संगणक. माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. माझ्यासारखे हजारो भाऊ एका सरकत्या पट्ट्यावर रांगेनं चालले होते. कुणी हिरव्या पाटीवर चिप बसवत होतं, कुणी पंखा लावत होतं. शेवटी हातमोजे घातलेल्या एका बाईनं मला वीज देऊन पाहिली, मान हलवली आणि माझ्या पाठीवर एक पट्टी चिकटवली. तिच्यावर 'तपासले' असं लिहिलेलं होतं.

या घरी आलो तेव्हा साहेबांनी मला चालू करण्याआधी उलटं फिरवलं आणि ती पट्टी भिंगानं वाचली.

"तपासल्याचा शिक्का आहे," ते म्हणाले.

"अहो, तो संगणक आहे, तराजू नाही," बाई हसून म्हणाल्या. "आता त्याला दंड करू नका."

साहेबांचा स्वभावच तसा होता. चौतीस वर्षं ते वजनमापांचे निरीक्षक होते. दुकानात जायचं, वजन उचलायचं, ते कुठे ठेवलं होतं ते बघायचं, त्याच्यावर शिक्का कुणाचा ते बघायचं आणि मग आपल्या पेटीतल्या प्रमाण वजनाशी ताडून पाहायचं. निवृत्त होऊनही सवय गेली नव्हती. अख्खी गल्ली त्यांना साहेब म्हणायची आणि बाईही नवऱ्याला चिडवायला तेच म्हणायच्या.

बाई पुढच्या खोलीत शिवणाचा वर्ग चालवायच्या. त्यांच्या हाताखालून किती मुली शिकून गेल्या, त्याचा हिशेब त्यांनाही नव्हता. पण प्रत्येक वर्षी त्याच चुका बघून त्या कंटाळल्या आणि एक दिवस माझ्यासमोर येऊन बसल्या. "आता हे सगळं एकदाच लिहून टाकते," म्हणाल्या. माप कसं घ्यावं इथून सुरुवात झाली. मग फ्रॉक, मग शर्ट, मग कॉलर. त्या कागदावर आकृती काढायच्या, तिचा फोटो घ्यायच्या आणि माझ्यात ठेवायच्या. सहा वर्षांत वीस प्रकरणं झाली. त्यांनी माझ्यासाठी उरलेल्या तुकड्यांचं आवरणही शिवलं होतं, पंख्याच्या जाळीपुरती बरोबर जागा सोडून. कुणी आलं की म्हणायच्या, "हा माझा उजवा हात. फरक इतकाच, की हा चहा मागत नाही."

एकविसावं प्रकरण बाहीचं होतं, ती मुंढ्यात, म्हणजे खांद्याच्या गोल कापात, कशी बसवावी याचं. ते अर्ध्यात राहिलं.

बाई गेल्यावर दहाव्या दिवशी साहेबांनी मला एकदाच चालू केलं. त्यांना बाईंचा एक फोटो मोठा करून हवा होता. तो त्यांनी पेनड्राइव्हवर घेतला, फोटोच्या दुकानात नेला, आणि परत आल्यावर पेनड्राइव्ह माझ्यात लावून त्यावरच्या फोल्डरवर दोनदा टिचकी मारली. ते फोल्डर नेहमीसारखंच दिसत होतं. पण ते फोल्डर नव्हतं. त्याच क्षणी माझ्या आत कुणीतरी शिरलं. मला कळलं, पण सांगणार कसं? साहेबांनी फोटो पाहिला, मला बंद केलं आणि आवरण घातलं. ते आवरण चार महिने निघालं नाही. माझ्या जाळीत धूळ साठली. त्या खोलीत कुणी दिवासुद्धा लावत नव्हतं.

मग एके दिवशी छापखान्याची मालकीण आली. ती बाईंची जुनी विद्यार्थिनी. तिनं आल्या आल्या खिडकी उघडली.

"काका, बाईंचं पुस्तक छापू या. नवीन वर्ग मी सुरू करतेय. मुलींच्या हातात काय देऊ? माझी बडबड?"

साहेबांनी उघड्या खिडकीकडे पाहिलं. मग उठले आणि माझं आवरण काढलं. "कधी पाहिजे?" त्यांनी विचारलं.

पुस्तक पेनड्राइव्हवर घेऊन ते दुसऱ्या दिवशी छापखान्यात गेले आणि तासाभरात परत आले. आल्या आल्या त्यांनी मुलीला फोन लावला आणि फोन माझ्याशेजारी ठेवला. मुलगी दुसऱ्या शहरात असते.

"अगं, तिच्या मशीननं बोंब मारली. लाल पाटी आली. पेनड्राइव्हमध्ये पुस्तक दिसतच नाही. ती म्हणते व्हायरस आहे. पाटीवर नाव आलं, होस्ट की काहीतरी. मी लिहून आणलंय."

मुलीनं ते नाव अक्षर अक्षर ऐकलं. "बाबा, हे तर विंडोजच्याच एका फाईलचं नाव आहे. बघू या. कंट्रोल, अल्ट आणि डिलीट एकदम दाबा."

"डिलीट? मला काही डिलीट करायचं नाही!"

"अहो बाबा, नुसतं बटणाचं नाव आहे ते. दाबा."

माझ्यात चाललेल्या कामांची यादी उघडली. मित्रांनो, होस्ट हा माझा रोजचा कामकरी. आवाज, घड्याळ, इंटरनेट अशी अनेक कामं तो सांभाळतो, म्हणून यादीत त्याचं नाव अनेकदा दिसतं. साहेबांना हे कुठून माहीत असणार?

"एकाच नावाचे अकरा आहेत!" ते म्हणाले.

"थांबा बाबा, लगेच काही करू नका."

पण साहेब थांबले नाहीत. त्यांनी पहिल्याच नावावरून त्याचं ठिकाण उघडलं, फाईल निवडली आणि पुसायला गेले. ती माझ्या कण्याचं हाड होती. मी तिला हात लावू दिला नाही. पडद्यावर लिहिलं, 'परवानगी नाही.'

साहेबांचा चेहरा लाल झाला. "बघ! देत नाही! चौतीस वर्षांत ज्यानं वजन हातात द्यायला नकार दिला, तो प्रत्येक जण चोर निघाला."

मला फार वाईट वाटलं. मी नकार दिला तो त्यांच्या भल्यासाठी. पण त्यांच्या धंद्यात नकाराचा अर्थ एकच होता.

त्यांनी कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याला बोलावलं. संगणकाला काहीही झालं तरी हा माणूस एकच उपाय सांगतो, म्हणून गल्लीत त्याचं नाव फॉरमॅटवाला पडलं आहे. तो खुर्चीत बसलासुद्धा नाही. उभ्या उभ्या यादी पाहिली आणि म्हणाला, "काका, सिस्टीमचीच फाईल सडलीय. आता इलाज नाही. परवा सकाळी दहाला येतो, सगळं पुसून नवीन विंडोज टाकतो."

"आणि आतलं पुस्तक?"

"दुसरीकडे प्रत आहे?"

"नाही."

"मग गेलं समजा. यातून एक पानही बाहेर काढू नका, जिथे न्याल तिथे पसरेल. छापखान्यात बघितलंत ना?"

"न तपासता सांगतोस?"

"यात तपासायचं काय, काका? नाव बघा ना."

"नावावरून मी आजवर कुणाला पकडलं नाही," साहेब ताठ होऊन म्हणाले.

तो गेला. साहेब माझ्यासमोर बसले. हळूच म्हणाले, "आज पकडलं." आणि मग कपाटातून भिंग, पेन्सिल आणि निरीक्षणाची जुनी वही काढली.

मित्रांनो, त्या क्षणापासून ते पहिल्यासारखे साहेब झाले. बाईंचं सहा वर्षांचं काम परवा सकाळी दहाला पुसलं जाणार होतं आणि ते वाचवायचं तर एकच गोष्ट सिद्ध करायची होती. सिस्टीमची फाईल सडली आहे की नाही? सडली नसेल, तर मला पुसायचं कारणच उरत नव्हतं.

त्यांनी यादीतला एकेक होस्ट घेतला आणि तो कुठून चाललाय ते उघडून पाहिलं. वहीत ओळी आखल्या. पहिला, सिस्टीमच्या फोल्डरमधून. दुसरा, तिथूनच. तिसरा, चौथा, सगळे तिथलेच. म्हणजे कामं दहा, पण फाईल एकच. अकरावा मात्र वेगळीकडून आला. तो बाईंच्या नावाच्या फोल्डरमध्ये, आत आत, एका लपवलेल्या जागी बसला होता.

"पोत्यामागे," साहेब म्हणाले. "खोटं वजन नेहमी पोत्यामागे असतं. समोरच्या फळीवर कुणी ठेवत नाही."

त्यांनी दोन्ही फाईलींची माहिती उघडली. सिस्टीमच्या फाईलीवर बनवणाऱ्या कंपनीची डिजिटल सही होती. अकराव्यावर सहीचा रकानाच नव्हता, आणि वजनाला तो दहापट जड होता. मुलीला त्यांनी फोनवर सगळं वाचून दाखवलं.

"सापडला की बाबा! अकरावा चोर!"

"तो चोर हे कळलं. पण आत शिरल्यावर त्यानं खऱ्याला बिघडवलं नाही, हे कुठे कळलं?"

"त्याच्यावर सही आहे ना?"

"सह्या आणि शिक्के मला सांगू नकोस. एका पठ्ठ्यानं सरकारी शिक्का बटाट्यात कोरला होता. मला प्रमाण वजन पाहिजे."

मुलगी हसली. मग म्हणाली, "तसं एक आहे, बाबा. प्रत्येक फाईलचा ठसा काढता येतो, आकडे आणि अक्षरांचा. फाईलमध्ये एक टिंब बदललं तरी ठसा सगळाच्या सगळा बदलतो. चांगल्या मशीनवरच्या त्याच फाईलचा ठसा आणि आपला ठसा जुळला, तर ती एकच फाईल."

"मग सांग काय टाइप करायचं ते."

मी ठसा काढून दिला. चौसष्ट अक्षरं होती. साहेबांनी ती चार-चारच्या गटांनी वहीत उतरवली, पट्टी ठेवून, प्रत्येक गटाखाली टिंब देत. उतरवून झाल्यावर उलटीकडून तपासली. दुसऱ्या दिवशी छापखाना उघडायच्या आधीच ते दारात जाऊन उभे राहिले.

परत आले तेव्हा वही काखेत होती आणि पावलं जड होती. ठसा जुळला नव्हता. पहिलं अक्षरही नाही.

त्यांनी मुलीला फोन केला नाही. फॉरमॅटवाल्यालाही केला नाही. माझ्यासमोर बसून त्यांनी बाईंचं एकविसावं प्रकरण उघडलं आणि वाचलं. मग दुसरं काही उघडलं नाही, नुसते बघत राहिले. मला वाटलं, आता हे मला बंद करतील आणि मी पुन्हा कधी चालू होणार नाही.

पण थोड्या वेळानं त्यांनी स्वतःच्याच कपाळावर हात मारला. "अरे, प्रमाण वजनाची तारीख कोण बघणार?"

मित्रांनो, त्यांच्या खात्यात प्रमाण वजनंही ठरावीक काळानं नव्यानं जुळवून आणावी लागत. जुन्या तारखेच्या वजनाशी नवीन वजन ताडलं तर दोष कुणाचा हे कळत नाही. त्यांनी फाईलची माहिती पुन्हा उघडली, भिंग लावलं आणि आवृत्तीचा आकडा शोधला. मग छापखान्यात फोन केला.

"तुझ्या होस्टच्या आवृत्तीचा आकडा वाच गं."

तिनं वाचला. शेवटचे आकडे वेगळे होते. तिच्या मशीनला विंडोजच्या नव्या सुधारणा वेळोवेळी मिळत गेल्या होत्या. मी चार महिने झाकलेला होतो. मला काहीच मिळालं नव्हतं.

"मग हा खोटा नाही," साहेब म्हणाले. "हा उपाशी आहे."

त्यांनी मुलीला विचारून आधी अकराव्याचं काम थांबवलं आणि माझ्या सुधारणा सुरू केल्या. सकाळचे अकरा वाजले होते. मी म्हातारा झालो आहे, माझी तबकडी कुरकुरते, पंखा ओरडतो. दुपारी दोनला मी इतका तापलो की मधेच बंद पडेन असं मलाच वाटलं. साहेबांनी माझ्या जाळीतली धूळ ब्रशनं काढली, बाईंच्या शिलाई मशीनजवळचा टेबलफॅन आणून माझ्याकडे वळवला आणि शेजारी बसले. जेवले नाहीत.

"ओढ गड्या," ते मला म्हणाले. "आता थांबायचं नाही. मीही थांबत नाही."

मी ओढलं. दोनदा बंद होऊन चालू झालो, दोन्ही वेळा अकरावा पुन्हा जागा झाला आणि दोन्ही वेळा साहेबांनी त्याला थांबवलं. संध्याकाळी सहाला मी काम पूर्ण केलं. आवृत्तीचा आकडा आता छापखान्यातल्या आकड्याशी जुळत होता. साहेबांनी नवा ठसा काढला आणि फोन लावला.

"चार-चार अक्षरं वाच. घाई करू नकोस."

तिनं वाचायला सुरुवात केली.

"बरोबर. पुढे," साहेब म्हणाले. "बरोबर. पुढे."

निम्म्यावर आल्यावर ती ओरडली, "काका, जुळतंय!"

"शेवटपर्यंत वाच."

"अहो, इतकं जुळलं म्हणजे..."

"बाईंनी तुला अर्धी शिवण सोडायला शिकवलं होतं का?"

ती पुढे वाचू लागली. सोळावा गट झाला. साहेबांनी शेवटच्या टिंबावर पेन्सिल टेकवली आणि वहीत लिहिलं, 'सिस्टीमची फाईल खरी आहे.'

आणखी एक काम उरलं होतं. "जप्तीला पंच लागतात," ते म्हणाले. मुलीनं एक वेबसाइट सांगितली. तिथे फाईल दिली की साठ-सत्तर निरनिराळे अँटिव्हायरस ती एकाच वेळी तपासतात. खऱ्या होस्टला एकानंही नावं ठेवली नाहीत. अकराव्याला बावन्न जणांनी व्हायरस म्हटलं.

"आमच्या वेळी दोन पंच मिळवायला दुपार जायची," साहेब म्हणाले, आणि चार महिन्यांत पहिल्यांदा हसले.

ठरल्या दिवशी सकाळी दहाला फॉरमॅटवाला आला. साहेबांनी त्याच्या हातात वही दिली. त्यानं आधी उभ्यानं वाचली, मग खुर्ची ओढून बसून वाचली.

"काका, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"लोखंडी वजनांनी. एक वजन खोटं निघालं म्हणून अख्खं दुकान जाळायचं नसतं, पोरा."

त्यानं वही बाजूला ठेवली आणि तो कामाला लागला. अँटिव्हायरसनं माझा कोपरा न् कोपरा तपासला. मी चालू झालो की अकराव्याला जागं करणारी एक नोंद होती, ती त्यानं काढली, मग अकराव्याला काढलं. पेनड्राइव्ह लावून दाखवला. पुस्तक कुठे गेलंच नव्हतं. व्हायरसनं ते लपवलं होतं आणि त्याच्या जागी खोटं फोल्डर ठेवलं होतं.

"हा आला कुठून असेल, काका? तारीख बघा, चार महिन्यांपूर्वीची आहे."

साहेबांनी तारीख पाहिली. मग भिंतीवरच्या बाईंच्या फोटोकडे पाहिलं.

"मीच आणला," ते म्हणाले. "शिक्का न बघता."

दुरुस्तीवाल्यानं पेनड्राइव्ह काढून बाजूला ठेवला. साहेबांनी चपला घातल्या आणि ते फोटोच्या दुकानाकडे निघाले. तिथल्या मशीनबद्दल त्यांना सांगणं भाग होतं. तिथे रोज कुणी ना कुणी आपल्या माणसाचा फोटो घेऊन येत असणार.

मित्रांनो, मी बोलू शकत नाही, म्हणून तुम्ही पाहायला हवं. दारात कुणी ओळखीचं नाव सांगितलं म्हणून त्याला आत घेऊ नका. तो राहतो कुठे, त्याची सही कुणाची, ते विचारा. आणि एका चोरापायी घरातल्या सगळ्यांना हाकलूही नका. आम्हाला फार दिवस झाकून ठेवू नका. उपाशी राहिलो की आम्ही खरे असूनही खोटे ठरतो. जे काम पुन्हा होणार नाही, त्याची एक प्रत दुसरीकडे ठेवा. साहेबांनी आता तीन ठेवल्या आहेत आणि दर महिन्याला त्यांचे ठसे वहीत ताडून पाहतात.

वीस प्रकरणं छापखान्यात गेली. एकविसावं साहेबांनी दिलं नाही. त्यातलं शेवटचं वाक्य असं आहे: 'बाहीचा गोलावा मुंढ्यापेक्षा थोडा जास्त ठेवावा, कारण'. त्यापुढे काही नाही.

"मी पूर्ण करू का, काका?" छापखान्याच्या मालकिणीनं विचारलं. "मला पाठ आहे ते."

"ऐकीव नको," साहेब म्हणाले. "मी शिवून बघतो. जुळलं तर लिहू."

तेव्हापासून ते रोज सकाळी बाईंच्या मशीनवर बसतात. शर्टाच्या चार बाह्या कापून झाल्या आहेत. चारही मुंढ्यात बसल्या नाहीत. एकविसावं प्रकरण अजून लिहायचं राहिलं आहे.